आरतीला नको, नंतर निवांत दर्शनाला आणा म्हणतात. समितीशी कसं बोलू?

सिंहगडरोडची_आई:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. बोलतो पण कामापुरतं, आरत्या मात्र सगळ्या तोंडपाठ, क्रमासकट. आमच्या भागातल्या दत्ताच्या मठात आम्ही दर गुरुवारी जातो, तो अगदी लहान असल्यापासून. लहान होता तोवर सगळ्यांचा लाडका होता, कोणी कडेवर घ्यायचं, कोणी हातावर पेढा ठेवायचं, हात फडफडवले तरी लोक हसून बघायचे. आता तो माझ्याहून उंच झालाय, मिसरूड फुटलंय, आवाज घोगरा झालाय, आणि तेच हात फडफडवणं तेच पुढेमागे झुलणं लोकांना खटकायला लागलंय. मुलगा तोच आहे हो, फक्त मोठा झालाय.

मागच्या महिन्यात आरती म्हणताना कोणीतरी एक कडवं गाळलं. त्याला क्रम चुकलेला अजिबात चालत नाही, तो मोठ्यानं "राहिलं, राहिलं" म्हणत राहिला आणि शेवटी आरती मध्येच थांबली. नंतर समितीतल्या एका काकांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मायेनं म्हणाले, वहिनी, त्याला आरती झाल्यावर आणत जा, गर्दी नसते, मी स्वतः गाभाऱ्यापर्यंत नेतो, निवांत दर्शन होईल. वाईट मनानं नाही म्हणाले ते, म्हणून तर मला तिथे उत्तर सुचलं नाही.

पण दर्शनाची अडचण कधी नव्हतीच. त्याला आरती हवी असते, चारचौघांत उभं राहून. आणि अजून एक सलतंय ते सांगते, मठात दर महिन्याला सेवेची यादी लागते, फुलं, रांगोळी, प्रसाद वाढणं, चपलांचा स्टँड, त्याच्या वयाच्या सगळ्या पोरांची नावं त्यात असतात. त्याचं नाव आजपर्यंत एकदाही लागलेलं नाही. कोणी मुद्दाम वगळलंय असं नाही, कोणाच्या डोक्यातच येत नाही.

तर समितीशी कसं बोलावं? वर्षानुवर्षांचे संबंध आहेत, ते तुटायला नकोत. आणि कोणी आपल्या देवळात, चर्चमध्ये, मशिदीत, विहारात कुठेही असं काही करून बघितलं असेल तर प्लीज सांगा.

कॅलिपरवाला:

ताई, तुमचं सेवेच्या यादीचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, वाढलो पेठेत, म्हणजे देवळांना तोटा नाही. आम्हाला दर्शनाच्या रांगेत पुढे सोडतात, हात धरून नेतात, कोणी कोणी तर माझ्याच पाया पडतं. पण गणपती मंडळाच्या मीटिंगला कोणी बोलावत नाही, वर्गणीचं पुस्तक हातात देत नाही, आरतीचं ताट कधी माझ्याकडे येत नाही. पाया पडणारा माणूस माझ्या शेजारी मांडी घालून जेवायला बसला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

कॅलिपरचं एक सांगतो कारण बहुतेकांना माहीतच नसतं. माझं कॅलिपर बुटालाच जोडलेलं आहे, बूट काढला की पाय उभाच राहत नाही. एका देवळात वॉचमननं दारात अडवलं, बूट काढा नाहीतर बाहेरून नमस्कार करा. बिचाऱ्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं, मग तो तरी काय करणार. जयपूर फूटचं, म्हणजे त्या कृत्रिम पायाचं वेगळं, तो 1968 च्या सुमाराला बनवलाच मुळी आपल्याकडच्या लोकांसाठी, अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं म्हणून, त्यामुळे जयपूर फूटवाला माणूस चप्पल काढून सरळ आत जाऊ शकतो. कॅलिपरवाल्याला ते जमत नाही. आता मी एक धुतलेली जाड कापडी पिशवी जवळ ठेवतो, दारात बुटावर चढवतो आणि नाडी बांधतो. एका देवळात गुरवांनी आपणहून ओलं गोणपाट टाकून ठेवलंय, व्हीलचेअरची चाकं त्यावर दोनदा फिरवायची आणि आत जायचं, विषय संपला. पावित्र्य पण राहिलं आणि माणूस पण आत आला.

आणि कोणी विश्वस्त वाचत असेल तर रॅम्पबद्दल हात जोडून सांगणं, उताराचं प्रमाण 1:12 असतं. म्हणजे सहा सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर चढ दीड फूट आणि रॅम्प 18 फूट लांब लागतो. चार फुटांत उतार करून त्यावर अॅक्टिव्हा चढते, व्हीलचेअर चढत नाही, उलटी पडते. जागा नसेल तर वळणावळणाचा करा, दोन्ही बाजूंना कठडा लावा.

विशेष_शिक्षिका:

ताई, मी बरीच वर्षं ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर काम करतेय त्यामुळे मी फक्त मुलाच्या बाजूनं काय काय करता येईल ते लिहिते, समितीचं इतर लोक सांगतील.

पहिलं म्हणजे तुमच्या मुलानं त्या दिवशी गोंधळ घातला असं मला वाटतच नाही. कडवं राहिलं होतं आणि त्यानं सांगितलं. अख्ख्या सभामंडपात आरतीकडे सगळ्यात जास्त लक्ष त्याचं होतं. हे समितीला याच शब्दांत सांगा.

आता त्याचा उपयोग करून घ्या. जाड पुठ्ठ्यावर प्रत्येक आरतीचं एकेक कार्ड करा, मोठ्या अक्षरात, आणि त्या दिवशी कोणत्या आरत्या कोणत्या क्रमानं हे गुरुजींकडून आधी विचारून घेऊन कार्डं लावायचं काम त्याला द्या. आरती सुरू व्हायच्या आधी तो कार्ड दाखवेल, सगळे तीच म्हणतील. एखादं कडवं त्या दिवशी गाळायचं असेल तर तसं कार्डावरच चिकटवायचं, म्हणजे त्याला ते राहिलं असं वाटणार नाही, आज नाही असं कळेल. आमच्या मुलांना बदल चालत नाही असं लोक म्हणतात, पण बदल आधी कळला तर पुष्कळदा चालतो, अचानक झाला की त्रास होतो. आणि गंमत म्हणजे त्या कार्डांचा उपयोग ज्या आजी-आजोबांना पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नाहीत त्यांनाही होईल, नवीन आलेल्या लोकांनाही होईल.

घंटा, शंख, झांजा यांचा त्याला त्रास होतो का ते तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर एक बघा, दुसऱ्यानं कानाजवळ अचानक घंटा वाजवली तर जो मुलगा कान झाकून खाली बसतो तोच मुलगा स्वतःच्या हातानं घंटा आनंदानं वाजवतो, कारण आवाज कधी येणार हे त्याला माहीत असतं. त्याच्या हातात झांज देऊन बघा. नाही जमलं तर कानावर लावायचे ते आवाज कमी करणारे मोठे हेडफोन मिळतात, ते घालून आरतीला उभं राहिलं तर देवाचा काही अपमान होत नाही.

अजून एक बारीक गोष्ट, पंचामृत. ओंजळीत ओतलं की ते चिकट होतं, बोटांमधून मनगटापर्यंत ओघळतं, आणि पुष्कळ मुलांना तो स्पर्श सहनच होत नाही, मग ती हात झटकतात, शेजारच्या काकूंच्या साडीवर उडतं आणि सगळं बिनसतं. लोकांना वाटतं मुलानं तीर्थ झिडकारलं. चमच्यानं थेट तोंडात द्या म्हणून सांगा, एक चमचा घरूनच न्या.

आणि एक जागा ठरवून घ्या, कडेची, दाराजवळची, जिथून तो उठून बाहेर दोन मिनिटं फिरून परत येऊ शकेल. मागची म्हणून नाही. कडेची आणि बाहेर जाता येईल अशी.

घोरपडीकर:

नमस्कार. मी मराठी चर्चमध्ये जातो, आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आमच्या मंडळीत एक मुलगी आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअरवर असते. चर्च जुनं, दगडी, लाकडी बाकं ओळीनं. तिची खुर्ची नेहमी मधल्या वाटेत असायची, म्हणजे आईवडील बाकावर आणि ती वाटेत एकटी, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण एक्सक्यूज मी म्हणत तिची खुर्ची हलवणार. एका सुताराला बोलावून मधलं एक बाक अडीच-तीन फूट कापून आखूड केलं, बस. आता तिची खुर्ची त्या जागेत बसते आणि ती घरच्यांच्या मांडीला मांडी लावून उपासनेला असते. एका सुताराचं काम होतं, पण इतकी वर्षं कोणाला सुचलं नव्हतं.

प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, पुढे पायऱ्या चढून कठड्यापाशी गुडघे टेकायचे असतात, ते तिला शक्य नाही. आधी पाळकसाहेब सगळ्यांचं झाल्यावर शेवटी तिच्याकडे यायचे. मग तिनंच सांगितलं की मला शेवटी एकटीला नको. आता पाळकसाहेब आधी खाली येतात, तिला आणि ज्यांचे गुडघे दुखतात अशा सगळ्या म्हाताऱ्या मंडळींना एकत्र देतात, मग वर जातात. तिला वाचायला वेळ लागतो, शब्द ओढून येतात, तरी महिन्यातून एका रविवारी शास्त्रपाठ ती वाचते आणि लोक थांबतात. सुरुवातीला काही जण चुळबुळ करायचे, हे खोटं कशाला सांगू. आता लोक आपापलं बायबल उघडून तिच्याबरोबर बोट फिरवतात.

तात्पर्य ताई, तुमच्या मुलाला पण विचारा त्याला काय हवंय. कार्ड हवंय, झांज हवीय, की नुसतं उभं राहायचंय.

पेठेतला_विश्वस्त:

मी एका छोट्या देवस्थानाच्या विश्वस्त मंडळावर आहे त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, ताईंनी गैरसमज करून घेऊ नये. देवळात येणाऱ्यांत निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे असतात, कोणाला बायपास झालेली, कोणाच्या कानात मशीन, आणि काही झालं की पहिला फोन आम्हाला येतो. काकांनी जे सुचवलं ते त्यांच्या मते सोय म्हणूनच सुचवलं असणार. पण ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटलंय, सोय करणं वेगळं आणि आपल्यात घेणं वेगळं.

कसं बोलायचं ते सांगतो. पूर्ण समितीसमोर अर्ज घेऊन जाऊ नका, अर्ज आला की तो विषयपत्रिकेवर जातो, मग चर्चा होते, मग कोणीतरी म्हणतं की एकाला परवानगी दिली तर उद्या सगळे येतील, आणि तिथे बारगळतं. आधी गुरुजींशी बोला. आरती गुरुजी चालवतात, समिती नाही. ते हो म्हणाले तर निम्मं काम झालं. मग त्याच काकांकडे जा ज्यांनी तुम्हाला बाजूला घेतलं होतं, घरी जा, मुलाला घेऊन जा, आणि तक्रार न करता काम मागा. काका, याला यादीत घ्या, अमुक काम हा करू शकतो, महिनाभर मी बरोबर थांबते. काम मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणणं आपल्याकडे फार अवघड जातं.

आणि सुरुवात साध्या गुरुवारी करा. गुरुपौर्णिमेला किंवा दत्तजयंतीला नको, त्या दिवशी गर्दीत कोणाचंच कोणाकडे लक्ष नसतं.

अॅडव्होकेट_मॅडम:

विश्वस्तकाकांशी थोडी असहमत. गोडीनं जरूर बोला पण आपल्या हातात काय आहे तेही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे त्यात धार्मिक कारणासाठी लोक वापरतात त्या इमारती स्पष्टपणे आल्यात, खासगी असल्या तरी. ऑटिझमसुद्धा त्या कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये आहे, 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलंय की इमारती, सोयीसुविधांचे नियम नुसते मार्गदर्शक म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. आणि राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे.

कायद्यानं रॅम्प होईल, तुमच्या मुलाचं नाव सेवेच्या यादीत कायद्यानं येणार नाही हे मलाही कळतं. पण पुष्कळ आयांना असं वाटतं की आपण मेहेरबानी मागतोय, आणि तो आवाज समोरच्याला ऐकू येतो. तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

कोंढव्याहून:

आमच्या मशिदीतलं सांगू का. पैगंबरसाहेबांचे एक साथी होते अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम, ते अंध होते. एकदा ते काही विचारायला आले तेव्हा पैगंबरसाहेब मक्केतल्या बड्या लोकांशी बोलत होते, त्यांना व्यत्यय वाटला, आणि त्यावरून कुराणातला 80 वा सूरा आला, की जो तळमळीनं आला त्याच्याकडे पाठ कशी फिरवलीस. पुढे हेच साथी मदिनेत अजान द्यायचे. आमच्या मौलाना साहेबांनी एका जुम्म्याला हे सविस्तर सांगितलं आणि त्यानंतर एक गोष्ट झाली, वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या जागी दोन नळांपाशी धरायला दांडे लागले आणि खाली खरखरीत फरशी आली. तिथे नेहमी पाणी, आधी म्हातारी माणसं घसरायची. ज्यांना सजदा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकणं, जमत नाही त्यांच्या खुर्च्या पण आता सफच्या टोकाला लावतात, म्हणजे ओळीतच, वेगळ्या कोपऱ्यात नाही.

मला म्हणायचंय ते हे की तुमच्या गुरुजींना एखाद्या गुरुवारी दोन मिनिटं यावर बोलायला सांगा. आईनं सांगितलं तर लोक बिचारी म्हणतात, व्यासपीठावरून सांगितलं की ऐकतात.

सिंहगडरोडची_आई:

सगळ्यांचे खूप आभार, वाचता वाचता रडू आलं. घंटेचं अगदी खरं आहे, दुसऱ्यानं वाजवली की कान झाकतो आणि स्वतः मात्र घरची घंटा वाजवत बसतो, मला हे कोडं सुटत नव्हतं. पंचामृताचं पण तसंच. गुरुजींशी बोलायचं ठरवलंय, या गुरुवारी नाही जमणार त्यांच्याकडे कार्य आहे, पुढच्या.

अजून एक विचारते. मठात काही बायका मागच्या जन्मीचं असतं हो असं म्हणतात, माझ्यासमोरच, आणि त्यालाही कळतं, तो बोलत नाही म्हणून कळत नाही असं थोडंच आहे. यावर काय बोलावं? भांडायला जीव होत नाही.

पेठेतला_विश्वस्त:

त्यांना संत गुलाबराव महाराजांची आठवण करून द्या. अगदी तान्हेपणी दृष्टी गेली, 1881 ते 1915 एवढंच आयुष्य, आणि शंभरावर ग्रंथ. स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवत. आळंदीला जाणाऱ्या माणसांनी तरी मागच्या जन्मीचं म्हणू नये.

विशेष_शिक्षिका:

काका, उदाहरण छान आहे पण मला त्यात थोडी भीती वाटते. ताईंचा मुलगा संत नसला, ग्रंथ लिहिणार नसला, उद्या आरत्या विसरला तरी त्याची तिथली जागा तेवढीच पक्की असायला हवी. नाहीतर ज्या मुलाला काहीच पाठ नाही, जो नुसता बसून लाळ पुसत असतो, त्याच्या आईनं काय सांगायचं? ताई, तुम्ही त्या बायकांना एवढंच म्हणा की त्याला ऐकू येतं, त्याला वाईट वाटतं. सरळ, आवाज न चढवता. बहुतेक जणी गप्प होतात, एखादी तर पुढच्या वेळी त्याच्याशी बोलायला येते.

सायली_क:

माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर आहेत. आमच्याकडे कीर्तनाची फार आवड, आजोबा न्यायचे. पण बुवा माइक तोंडाला इतका चिकटवून धरतात की ओठ दिसतच नाहीत, आणि आईचं सगळं समजणं ओठांवर. लोक हसले की ती पण हसायची, नंतर मला खुणेनं विचारायची काय झालं. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून पूर्वरंगाचा, म्हणजे कीर्तनातल्या पहिल्या निरूपणाच्या भागाचा अर्थ खुणांनी सांगतेय, मला तरी तेव्हा काय कळत होतं! एका कीर्तनकार ताईंना मी सांगितलं तर त्यांनी तेव्हापासून कॉलरचा माइक लावला, आणि अभंग आधी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देतात. आई पहिल्या रांगेत बसते. बाबा म्हणतात सांकेतिक भाषेचा दुभाषी पण हवा आणि ते बरोबरच आहे, कागद म्हणजे काही संवाद नाही. पण त्या ताईंनी दुसऱ्याच कीर्तनाला बदल केला, मंडळाच्या मीटिंगची वाट बघत बसल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

तुमचं कार्डाचं जमलं तर आमच्या आईसारख्यांना पण कळेल कोणती आरती चाललीय. तुमचा मठ सिंहगड रोडला कुठे आहे ते मेसेज करा, एखाद्या गुरुवारी तिला घेऊन येते.

सिंहगडरोडची_आई:

सायली, नक्की या, मेसेज केलाय. विशेष शिक्षिका ताई, कार्डं केवढी करू? आणि टाळ्या वाजवताना हातात धरायची कशी, त्याला टाळ्या पण वाजवायच्या असतात.

विशेष_शिक्षिका:

ए-थ्री आकाराची करा, त्याहून लहान मागच्यांना दिसत नाहीत. हातात धरायची नाहीत, एक लाकडी स्टँड ठेवा चित्रं ठेवायला असतो तसला, त्यानं फक्त कार्ड बदलायचं आणि मग टाळ्या मोकळ्या. पिवळ्या कागदावर काळी अक्षरं, चकचकीत लॅमिनेशन नको, समईचा आणि ट्यूबचा उजेड त्यावर पडला की काही दिसत नाही, मॅट सांगा. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे होईल. आणि कापायला, चिकटवायला त्याला बरोबर घ्या, कार्डं त्याच्या हातची असू द्या.